पाझर तलावावरचा कर्णा

मित्रांनो, मी पत्र्याचा एक कर्णा. वय झालं आहे, कडेला पोचे आहेत आणि माझ्या तोंडाला जो वास येतो तो माझा नव्हे. तो कुणाचा, हे सांगायलाच आज बसलो आहे. आजवर सगळे माझ्यातून बोलले, मला कुणी बोलू दिलं नाही. तुम्ही जेवता जेवता वाचत असाल, तर आधी ताट उरका.

माझा जन्म बेलापूरचा. श्रीमंत नावाच्या, पण तसा अजिबात नसलेल्या एका कारागिराने गोडेतेलाचा रिकामा डबा कापला, गुडघ्यावर वळवला आणि डाख देऊन मला उभं केलं. एका बाजूला लहान तोंड, दुसऱ्या बाजूला मोठं. कान त्याने ठेवला नाही. मागणीच नव्हती.

तिथून मी घोडेगावच्या बाजारात गेलो. गुरांचा तो मोठा बाजार. हरवलेली जनावरं आणि चुकलेली माणसं यांच्या नावाने पुकारा करायचं काम गहिनीनाथ नावाच्या म्हाताऱ्याकडे होतं. तो मला तोंडाला लावून म्हणायचा, "पांढरा खोंड, शिंगं लाल, दावं तोडून आलाय. ज्याचा असंल त्यानं चिंचंखाली यावं." एवढं बोलून तो मला खाली घ्यायचा आणि गप्प उभा राहायचा.

"मागं ऐकू आलं का रं?"

"आलं, पर खोंड कुठला? गोऱ्हा हाय त्यो. डोळं तपासून घ्या, बाबा."

"बरं, गोऱ्हा." आणि तो मला पुन्हा उचलून चूक दुरुस्त करायचा. सगळा बाजार हसायचा, तोही हसायचा. बाजार उठला की मला राखेने घासायचा. म्हणायचा, "दुसऱ्याच्या कानात जायचं, तर धुऊन जावं." लोक त्याची तारीफ करत, थोडी माझीही करत. ते माझे चांगले दिवस.

मग बहात्तरचं साल आलं. पाऊस आला नाही. आधी जनावरं विकायला आली आणि घेणारा मिळेना. पुढे जनावरंच येईनाशी झाली. गहिनीनाथ लेकीकडे केडगावला निघाला आणि जाताना मला बन्सीच्या हाती देऊन गेला. बन्सी डोंगराखालच्या दुष्काळी कामावर मुकादम होता. तिथे पाझर तलावाचा बांध घालायचा होता. बांधाच्या एका टोकाला दगडाची खाण. तिथे सुरुंग उडवायचे, दगड बांधावर आणायचे आणि बायांनी ते हातोड्याने फोडायचे. या सगळ्यावर ओव्हरसिअर म्हणून शामकांतराव होते. नवी नोकरी, कडक इस्त्री आणि आवाज बारीक. बारीक आवाज हा गुन्हा नाही, मित्रांनो. पण त्यांना तो वाटायचा. बन्सीच्या हातात मी दिसताच त्यांनी मला काढून घेतलं, आणि माझ्या आयुष्यातून पाणी आणि राख दोन्ही संपली.

त्यांना तंबाखू लागायची. दाढेत ती धरून ते माझ्यातून बोलत. प्रत्येक वाक्याचा रस माझ्या आतल्या अंगाने ओघळत मोठ्या तोंडापर्यंत येई आणि तिथे वाळे. त्यावर धूळ बसे. त्यावर दुसरं वाक्य. माशा माणसं ओळखतात की नाही, मला ठाऊक नाही. मला त्या बरोबर ओळखत.

पण वासाचं मी सहन केलं असतं. शब्दांचं काय करणार? साहेबांना तिथल्या एकाही माणसाचं नाव ठाऊक नव्हतं. "ए निळं लुगडं, हात चालव. ए फाटकी टोपी, इथे सासुरवाडीला आलास का?" दुष्काळात सगळी लुगडी धुळीच्या रंगाची आणि सगळ्या टोप्या फाटक्या. त्यामुळे एकाला दिलेली शिवी सगळ्यांना पोचायची.

यावर बायांनी एक उपाय काढला. मी वर गेलो रे गेलो की त्या माना खाली घालत आणि हातोडे जोरात आपटत. इतक्या जोरात, की माझं काही ऐकूच येऊ नये. साहेब हे बघत आणि खूश होत.

"बघितलंस बन्सी? कर्णा लावला की कामाला कसा वेग येतो."

"व्हय साहेब," बन्सी हसू दाबून म्हणायचा, "लई येग येतो."

कामावर काही तान्ही पोरं होती. बांधाजवळच्या बाभळीला त्यांच्या झोळ्या बांधलेल्या असत, आणि आक्काबाई नावाची म्हातारी त्यांना झोके देई. पोर रडलं की आई दोन पावलांवर. साहेबांना हे खटकलं. आई उठते, काम थांबतं. त्यांनी हुकूम काढला, झोळ्या खाणीकडच्या लिंबाखाली न्या. तिकडून रडणं ऐकू येत नव्हतं. आवाज पोचू नये अशी सोय करणारा माणूस आवाजासाठी कर्णा वापरत होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

पुढच्याच सुरुंगाला एक दगड लिंबाजवळ येऊन पडला. दगड फोडणाऱ्या रतनबाईच्या पोराची झोळी तिथेच होती; जेवणाची सुट्टी म्हणून पोर तेवढं तिच्याजवळ होतं. तिने तो दगड उचलला, दोन्ही हातांत धरून सरळ साहेबांसमोर आली.

"साहेब, ह्यो झोळीपशी पडला. लेकरं असत्यात तिथं. आमी झोळ्या परत बाभळीखाली नेतो, तेवढं व्हय म्हना."

तिच्यात आणि साहेबांत हातभर अंतर होतं. एवढ्या अंतरावर माणूस कुजबुजला तरी भागतं. साहेबांनी मला तोंडाला लावलं.

"कामावर कामाचं बोलायचं! जागेवर जा!"

माझं मोठं तोंड तिच्या कपाळाला टेकायचं बाकी होतं. जे काही माझ्यातून बाहेर पडलं, ते नुसते शब्द नव्हते. रतनबाईने डोळे मिटले, पदराने तोंड पुसलं, दगड त्यांच्या पायाशी ठेवला आणि ती निघून गेली. मला त्या दिवशी पुन्हा डबा व्हावंसं वाटलं.

तुम्ही म्हणाल, हा माणूस असा का? मीही विचार केला. एकदा नगरहून मोठे साहेब जीपने आले. खाली उतरलेच नाहीत. जीपमधूनच सगळ्यांदेखत शामकांतरावांना म्हणाले, "तुम्हाला कळतं काय हो? नुसते पगाराला आलात?" शामकांतराव काही सांगायला पुढे झाले, तर जीप निघाली. त्यांचं तोंड अगदी रतनबाईसारखं झालं. मला वाटलं, आता या माणसाला कळेल. जीपची धूळ खाली बसली, त्यांनी मला उचललं आणि म्हणाले, "ए निळं लुगडं!"

सुरुंग जेवणाच्या सुट्टीत उडवायचा रिवाज होता. सगळे लांब बसलेले असत, पोरं आयांजवळ असत. पण मोठे साहेब दुपारी पुन्हा येणार म्हणून निरोप आला, आणि दगड तयार दिसावा म्हणून शामकांतरावांनी सुरुंग सकाळीच उडवायचं ठरवलं. तसं त्यांनी सुरुंगवाल्या सहादेवला सांगितलं. बन्सी म्हणाला, "साहेब, बायांना एकदा हिंडून सांगतो की."

"हिंडायचं कशाला? कर्णा आहे ना."

सहादेवने वात पेटवली, लाल फडकं हलवलं आणि खडकाआड गेला. साहेबांनी मला उचललं. "सुरुंग आहे! मागे सरा!"

हातोडे जोरात सुरू झाले.

साहेबांनी आणखी ओरडून सांगितलं. हातोडे आणखी वाढले. बांधावरच्या बाया तशा लांब होत्या, त्यांना धोका नव्हता. मग साहेबांचं लक्ष लिंबाकडे गेलं. तिथे आक्काबाई झोळ्या हलवत होती आणि रतनबाई पोराला पाजत बसली होती.

"ए, लिंबाखालची! ऊठ तिथून!"

मित्रांनो, हेच वाक्य ते तिला रोज म्हणत. रोज, याच शब्दांत, याच आवाजात. ती रोज करायची तेच तिने केलं. आमच्याकडे पाठ फिरवली आणि पोराला पदराखाली घेतलं. त्याचं पोट भरल्याखेरीज ती उठणार नव्हती.

साहेबांनी मला खाली घेतलं.

"बन्सी, तिचं नाव काय?"

"कुनाचं?"

"अरे, तिचं. ती लिंबाखालची."

"रतनबाई."

आणि साहेब मला टाकून धावले. बारीक, फाटक्या, स्वतःच्या आवाजात ओरडले, "रतनबाई! अहो रतनबाई, सुरुंग!"

तिने मान वळवली. त्या कामावर तिला कुणा साहेबाने नावाने हाक मारली नव्हती. तिने त्यांचं तोंड पाहिलं आणि पुढचं विचारलं नाही. पोराला छातीशी धरून ती पळत सुटली. आक्काबाईने उरलेल्या दोन्ही झोळ्यांतली पोरं बगलेत मारली आणि तीही पळाली. म्हातारी ती, कितीशी पळणार? सुरुंग उडाला. पोरं वाचली, तिन्ही. आक्काबाईच्या पायावर दगड आला आणि घोट्याचं हाड मोडलं. पोरं तिने खाली पडू दिली नाहीत. माझ्या कडेलाही एक दगड लागला, पण त्याचं काय सांगायचं.

त्या दुपारी बन्सीने आक्काबाईला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. मोठे साहेब आले. या वेळी जीपमधून उतरले. रतनबाई पुढे झाली आणि म्हणाली, "साहेब, झोळ्यांचं मी आधीच सांगितलं हुतं." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि शामकांतरावांना विचारलं, "असं झालंच कसं?"

मी जमिनीवर पडलो होतो, तिथून मला सगळं दिसत होतं. शामकांतरावांनी रतनबाईकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, हा माणूस आता खरं बोलेल. ते म्हणाले,

"कर्णा लहान आहे, सर. आवाज पोचत नाही."

"मग मोठा मागवा."

मोठा आला. बॅटरीवर चालणारा, चकचकीत. त्यातून निघालेलं पहिलं वाक्य मी स्वतः ऐकलं. "ए रतनबाई, ऊठ तिथून!" साहेबांनी नाव लक्षात ठेवलं होतं, एवढी सुधारणा झाली. ती मात्र लिंबाखाली नव्हती. बायांनी कुणाला न विचारता झोळ्या पुन्हा बाभळीला बांधल्या होत्या. "झोळ्या हलवा" म्हणून नवा कर्णा दिवसभर ओरडला. हातोड्यांपुढे तोही पोचला नाही.

मला बन्सीने टँकरजवळ नेलं. रतनबाईने मला माती लावून आतून-बाहेरून घासलं. तेव्हापासून मी नरसाळं आहे. पिंपातलं पाणी घागरीत ओतताना सांडू नये म्हणून बाया मला मधे धरतात. वास अजून पुरता गेलेला नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातल्या कुणाच्या तरी हाताखाली माणसं येतील आणि कुणीतरी तुमच्या हातात कर्णा देईल. माझी एवढीच विनंती आहे, तोंडाला लावायच्या आधी समोरच्याला "काय झालं?" असं विचारा आणि त्याचं सांगून होईपर्यंत उभे राहा. तेवढा वेळ नसेल, तर आम्हाला हात लावू नका. मी पाण्यालाच बरा आहे. तेही वरून खालीच जातं, पण कुणाच्या तोंडावर थुंकत नाही.