तीन घागरी पाणी

त्या दिवशीही आप्पा उजाडायच्या आत उठले. चहात बुडवून शिळी भाकरी खाल्ली, आणि अंगणातल्या रिकाम्या ड्रमच्या काठाला हात टेकून एकेक करत बूट चढवले. सोसायटीच्या चारा छावणीवर ते ट्रॅक्टर चालवत. एकोणीस सालचा तो उन्हाळा होता. गेवराईच्या त्या पट्ट्यात विहिरी कधीच्या तळाला गेल्या होत्या आणि गावातली निम्मी जनावरं छावणीत दावणीला होती.

"जानके, डब्यात मीठ हाय का आज?"

"आहे."

"काल नव्हतं म्हून इचारलं."

"कालचंही आजच्यात घातलंय."

"मग तर पाणी लई लागंल," म्हणत आप्पा हसले आणि गेले.

जानकी गेवराईच्या वाचनालयात नोकरीला होती. वय बेचाळीस. आई गेल्यापासून घरात ती आणि आप्पा, दोघंच. संध्याकाळी ती पुस्तक घेऊन ओट्यावर बसली की आप्पा खाटेवर पडल्या पडल्या विचारत, "ह्यात पाऊस पडतो का?" पडतो म्हटलं की म्हणत, "वाच मग." त्या संध्याकाळीही विचारलं. तिने दोन पानं वाचली. तिसऱ्या पानाला ते घोरायला लागले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता वाचनालयात फोन आला.

छावणीतलं शेण उताराच्या कडेला रचत होते. ट्रॅक्टरला पुढे लोडर होता, त्याची बकेट ओल्या शेणाने भरलेली आणि वर उचललेली. वळताना मागची चाकं हलकी झाली, जमिनीवरून सुटली, आणि ट्रॅक्टर आडवा झाला. जानकी पोचली तेव्हा लोकांनी ट्रॅक्टर दोरांनी ओढून सरळ केला होता. आप्पांना निंबाखाली निजवलं होतं. कोणीतरी त्यांचे बूट काढून शेजारी जोडीने ठेवले होते.

लोडरला पुढे ओझं आलं की मागे तसंच वजन लागतं, हे आप्पांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तीस वर्षं त्यांनी ट्रॅक्टर चालवला होता. मागच्या टायरांत पाणी भरायची जुनी पद्धत होती, पण यंदा टायरात पाणी भरतो म्हणायची कोणाची छाती नव्हती. म्हणून त्यांनी ड्रम आणला. गेवराईला नेऊन त्याच्या आरपार जाड बार वेल्डिंग करून घेतला. आत काँक्रीट ओतायचं, आठ-दहा दिवस सुकू द्यायचं, मग बारची दोन टोकं मागच्या लिफ्टच्या हातांत अडकवायची. पाच क्विंटलचं वजन झालं असतं. सोसायटीने दीड पोतं सिमेंट दिलं होतं, वाळू-खडी अंगणात पडली होती. राहिलं होतं पाणी. टँकरचं पाणी बांधकामाला वापरायचं नाही, असं ग्रामसभेत हात वर करून ठरलेलं. ज्याला वापरायचं त्याने स्वतःच्या घरच्या वाट्यातून वापरावं.

अपघाताच्या तीन आठवडे आधी ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले होते.

"जानके, तीन घागरी देतीस का?"

"कशाला?"

"ड्रम ओततो. छावणीवरचा भारत यायलाय हाताखाली."

टँकर आदल्या दिवशीच येऊन गेला होता. घरात आठ घागरी होत्या. बारा दिवसांत तिने डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं. वाचनालयात दुसऱ्या दिवशी औरंगाबादहून पाहुणे यायचे होते.

"प्यायला पुरत नाही आणि तुम्ही ड्रमला पाजायला निघालात? छावणीच्या हौदातलं घ्या."

"गुरांच्या तोंडचं पाणी सिमेंटात घालू?" आप्पा म्हणाले. रागावले नव्हते. खरोखरच विचारत होते.

"मग पुढच्या टँकरला बघू."

"बरं," ते म्हणाले.

तिने केस धुतले. पुढचा टँकर आला, त्याच्या पुढचाही आला. एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा मागायची आप्पांची रीत नव्हती, आणि जानकीच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं नाही, असं ती आता स्वतःला सांगत होती. पण रोज सकाळी त्या ड्रमला वळसा घालून ती वाचनालयात गेली होती.

त्या गावात सुतकाच्या घरी भाकरी-पिठलं न्यायचं असतं. त्या वर्षी लोक पाणीही घेऊन आले. मातीला पाहुणे येणार, ते काय पिणार? म्हणून बाया डोक्यावर घागर घेऊनच दारात येत. आधी घागर उतरवून ठेवत, मग गळ्यात पडून रडत. शेजारच्या छबुबाईने रोज एक घागर आणली. तेराव्यापर्यंत घरातले हंडे, टिपाड, आंघोळीची बादली, सगळं काठोकाठ भरलं. एवढं पाणी त्या घराने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. जानकी त्यातलं प्यायला जाई आणि तांब्या तसाच ठेवून देई. मग छबुबाईकडे जाऊन पेलाभर मागून पिई.

"पोरी, घरी एवढं पाणी असून माझ्याकडं काहून येतीस गं?"

"तुमच्या माठातलं गार असतं."

छबुबाईने तिच्याकडे बघितलं. पेला पुन्हा भरून दिला.

तेरावं झालं आणि घर मोकळं झालं. ती अजूनही दोन भाकऱ्यांचंच पीठ मळायची. एक उरायची, ती दुसऱ्या दिवशी खायची, त्या दिवशीच्या दोन तशाच राहायच्या. संध्याकाळी सातला ट्रॅक्टरचा आवाज यायचा. तोच ट्रॅक्टर आता भारत चालवत होता. आवाज दारापाशी मोठा व्हायचा आणि पुढे निघून जायचा. पुस्तक हातात धरून ती ओट्यावर बसे. तिला कोणीही विचारत नव्हतं, त्यात पाऊस पडतो का.

गावात बोलणं एकच होतं. म्हातारा घाईत होता. वय झालं होतं. मागं वजन न लावता लोडर उचलला, दुसरं काय होणार? तोंडावर कोणी म्हणत नव्हतं, पण टँकरच्या रांगेत कानावर येई.

सोळाव्या दिवशी सकाळी सोसायटीचे चेअरमन सुंदरराव आले. बरोबर भारत होता, ट्रॅक्टर दारात उभा. सुंदररावांनी कागद पुढे केला.

"जानकीताई, इम्याचा कागद हाय. सही लागंल तुमची."

तिने वाचला. खालून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: चालकाने मागील वजन बसविण्याबाबत निष्काळजीपणा केला.

"हे असंच लिहावं लागतं का?"

"कारण लिवावं लागतं, ताई. आता वजन नव्हतं ते नव्हतं. खोटं कसं लिवू?"

तिने बाहेर पाहिलं. ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टचे हात तसेच मोकळे लोंबत होते.

"भारतभाऊ, आज काय काम आहे?"

"तेच, शेण उचलायचंय. काळजी नका करू. मी बकेट अर्धीच भरतो. आप्पासारखी घाई न्हाई करत."

जानकी आत गेली. बाहेर आली ती एक डोक्यावर, एक कमरेवर अशा दोन घागरी घेऊन. त्या ड्रमजवळ ठेवून तिसरी आणायला वळली.

"ताई, काय करताव?" भारतने विचारलं.

"सिमेंट त्या कोपऱ्यात झाकून ठेवलंय. गोळे झाले असतील तर चाळून घ्या. हा ड्रम ओतल्याशिवाय ट्रॅक्टर इथून न्यायचा नाही. आणि सुकेपर्यंत लोडर उचलायचा नाही."

"आठ दिस काम बंद ठिवू?" सुंदरराव म्हणाले. "छावणीत शेण साचलंय ढीगभर."

"पाट्यांनी उचला. मीही येते."

भारतने एकदा सुंदररावांकडे पाहिलं, बाह्या सारल्या आणि फावडं घेतलं. वाळू, खडी, सिमेंट कोरडंच कालवलं. जानकीने घागर वाकडी केली. पाणी खडीत शिरताना आवाज झाला. रस्त्याने जाणाऱ्या दोन बाया थांबल्या. छबुबाई कुंपणापाशी आली. पिण्याचं पाणी असं ओतलं जाताना तिघी बघत राहिल्या.

तिसरी घागर रिकामी झाली. भारत बार हलू नये म्हणून काँक्रीट कांबीने ठासत होता. सुंदररावांनी धोतराच्या सोग्याने मान पुसली. माणूस वाईट नव्हता.

"आप्पा हुशार माणूस," ते हळू आवाजात म्हणाले. "पण बघा, एवढं एका सकाळचं काम. तेवढा कटाळा केला."

"कंटाळा केला नाही त्यांनी," जानकी म्हणाली.

कोणी ऐकलं नसेल असं वाटून तिने रिकामी घागर खाली ठेवली आणि कुंपणापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आप्पांनी माझ्याकडे पाणी मागितलं होतं. घरात आठ घागरी होत्या. मला केस धुवायचे होते, म्हणून मी दिलं नाही."