दाराशी वहाणा

लिंबाजी मास्तरनं मांडवाच्या तोंडाशी वहाणा काढल्या, काढल्या त्या उचलल्या, तळाला तळ लावला, धोतराच्या सोग्यात गुंडाळल्या आणि काखेत मारल्या. बाकी सगळ्या गावांच्या वहाणा तिथं लिंबाखाली ढिगानं पडलेल्या, कुणाची कुणाला ओळखू येणार नाही अशा, आणि हा एकटा काखेत वहाणा धरून मांडवात निघालेला. ढोलकीवाला महारुद्र हे बघून गप बसतोय होय?

"मास्तर, असल्या वहाणा कोन नेतंय? रझाकार जरी आला तरी टाकून जाईल."

मांडव हसला. मास्तरही हसला, पण नुसता ओठानं, आणि जाऊन पुढं बसला.

तर ही मुरुमच्या शिवारातली ख्रिस्ती लोकांची जत्रा. माघातली. गाड्या सोडलेल्या, बैलांपुढं कडबा, झाडाझाडाखाली चुली, आणि एवढा जमाव करायचा म्हणून तहसिलातनं आणलेला इजाजतीचा कागद मिशनच्या पाळकसाहेबांच्या खिशात. ह्या जत्रेचा एक रिवाज होता बघा. नवं भजन कुणी आणलं तर ते एकदम गायचं नाही. आधी साक्ष. ज्याचं भजन त्यानं उभं राहायचं आणि हे देवानं मला कसं दिलं ते चारचौघांत सांगायचं. 'मी रचलं' असं म्हणायची सोयच नव्हती. 'उतरलं' म्हणायचं. साक्ष लोकांना पटली की पाळकसाहेब मान हलवणार, मग ढोलकीवर थाप, आणि तिथनं पुढं ते भजन साऱ्या गावांचं.

मास्तरची आजवर कैक भजनं ह्याच मांडवातनं बाहेर गेलेली. मिशनच्या मासिकातसुद्धा छापून आलेली. साक्ष द्यायला उभा राहिला की माणूस असा बोलायचा, की बायका पोरांना पाजायचं विसरायच्या. आणि ह्या खेपेचं भजन तर साक्षीच्या आधीच पसरलं होतं. 'उभा दाराशी पाहुणा, काढ कडी रे जीवा.' जात्यावर तेच, खुरपताना तेच. आज फक्त उभं राहून सांगायचं होतं.

आणि मांडवात आल्यापासनं मास्तर एका बाजूला मान वळवत नव्हता. कारण बायकांच्या पुढच्या रांगेत शिवकांता बसली होती.

गोष्ट मागच्या वैशाखातली. मास्तर मिशनच्या शाळेवर होता. शाळा म्हणजे एकच खोली, रविवारी तीच देऊळ. कोपऱ्यात मिशनची औषधाची पेटी, हिवतापाच्या गोळ्या, पटकीचं औषध, विंचवाचं असलं काय काय, आणि पेटीची किल्ली मास्तरच्या करगोट्याला. भजन करायचं झालं की मास्तर एकांत धरायचा. त्या दिवशी खायचं नाही, आतनं कडी लावायची, वहाणा दाराबाहेर. दार लावलेलं आणि वहाणा बाहेर दिसल्या, की गावानं समजायचं, मास्तरला काहीतरी उतरतंय. मग हाक मारायची नाही. हा नियम मास्तरनंच घातलेला. एकदा कडूबाईनं शेळी सापडत नाही म्हणून दारात कालवा केला आणि एक आख्खं कडवं हातचं गेलं. त्यावर मास्तरनं येत्या रविवारी भर उपासनेत तिला असं झापलं, की म्हातारी रडली. तेव्हापासनं गाव शिस्तीला लागलं. लईच नड असली तर दार हळू वाजवायचं, जरा थांबायचं, आणि निघून जायचं.

त्या दिवशी मास्तरची बायको लोहाऱ्याला माहेरी गेलेली. ऊन असं, की कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं. आणि सकाळपासनं मास्तरला काही म्हणता काही उतरेना. भिंतीवर मिशनचं कॅलेंडर होतं, त्यावर प्रभूचं चित्र. प्रभू एका दाराशी उभा, हातात कंदील, दुसरा हात ठोकायला उचललेला, आणि दाराला बाहेरनं कडीच नाही. उघडायचं ते आतल्यानंच. मास्तर गुडघे टेकून त्या चित्राकडं बघत राहिला, बघता बघता डोळे चुरचुरायला लागले.

आणि दार वाजलं.

हळू. अगदी बोटाच्या पेरानं वाजवावं तसं. मास्तरच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यानं चित्राकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि टाक उचलला. पहिलं कडवं असं धावत आलं, की दौतीत टाक बुडवायला सवड मिळेना. परत दार वाजलं. दुसरं कडवं. मास्तरच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि हात लिहीत होता. आजवर इतकी भजनं केली, पण असं कधी झालं नव्हतं, स्वतः प्रभूनं दाराशी यावं आणि सांगावं, लिही.

मग तिसऱ्यांदा वाजलं. जोरात. आणि वाजताना बांगड्या वाजल्या.

टाक थांबला. आता ह्यात काही झाकायचं कारण नाही, मास्तरला त्या वेळेला कळलं. बाहेर बाईमाणूस आहे, हे कळलं. पण शेवटची ओळ अर्धी जिभेवर आलेली, आणि त्याच्या मनात आलं, एवढी ओळ बसू दे, मग उठतो. ओळ बसली. चांगली बसली. उठून कडी काढली तर दारात कुणीच नव्हतं. नुसतं ऊन. त्याची एक वहाण सरळ होती, एक कलंडलेली.

दिवस कलायच्या आत सोमलिंगच्या घरातनं रडणं ऐकू आलं. सोमलिंग म्हणजे शिवकांताचा नवरा. पटकीनं गेला. बायको औषधाला शाळेकडं पळत गेली होती, तिथं दार लागलेलं, मग तशीच मुरुमच्या वाटेला लागली, कुणाची तरी गाडी मिळवून परत आली तर नवरा गार पडलेला. असं लोक सांगत होते. पाळकसाहेब मागनं म्हणाले की झटका असा जबर होता, की औषध पोटात ठरलंच नसतं. मास्तरनं ते वाक्य बरेच दिवस घट्ट धरून ठेवलं. पण धरलं तेवढं ते सुटत गेलं.

शिवकांतानं एका शब्दानं विचारलं नाही. उलट भजन पसरलं तशी तीही म्हणायला लागली. तिच्या जात्यावरनं 'काढ कडी' ऐकू आलं की मास्तर वाट सोडून काट्यातनं जायचा. तिला वाटलं असेल, मास्तर खोलीत नव्हता. तसंच वाटलं असेल. पण वहाणा? त्या दिवसापासनं मास्तर कुणाच्या दाराशी वहाणा ठेवीना. घरीसुद्धा आत घेऊन यायचा, उशापाशी ठेवायचा, बायको वैतागून बोलणं टाकून बसलेली.

"या, मास्तर," पाळकसाहेब म्हणाले.

मास्तर उठला. काखेत वहाणा तशाच. सकाळीच ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. सगळं. मग भजन राहो नाहीतर जावो, लोक दगड मारोत.

"म्या एकांताला बसलो हुतो," तो म्हणाला. "दार वाजलं. म्या उघडलं न्हाय."

पुढची माणसं सरकून जवळ आली.

"परत वाजलं. तरी उघडलं न्हाय. म्या माझंच लिहीत बसलो. म्या लई मोठा अपराध केला."

"आमेन," मागनं कुणीतरी म्हणालं, आणि मग ते गवत पेटावं तसं पसरत गेलं. आमेन, आमेन. म्हातारा वीरप्पा तर डोळे पुसायला लागला. मास्तर बघतच राहिला. असं नको होतं हे.

"न्हाय, ऐका की. खरंच वाजलं. दाराबाहेर मानूस उभं हुतं."

"मानूस हूनच आला की प्रभू," वीरप्पा रडत म्हणाला. "माझंबी दार असंच बंद हुतं, मास्तर."

परत आमेन. बायकांत हुंदके. आता एकच गोष्ट राहिली होती, बांगड्या. तेवढा एक शब्द काढला असता तर मांडवाला सगळं कळलं असतं. मास्तरनं शिवकांताकडं बघितलं. ती मांडीवर हात ठेवून बसली होती, मनगटं मोकळी. मास्तरचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तो मटकन खाली बसला.

पाळकसाहेब उठून आले. त्यांनी मास्तरच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, एवढ्या वर्षांत अशी साक्ष ऐकली नाही, पुढच्या जत्रेलाही अशीच सांगा, ह्यातला एक शब्द बदलू नका. आणि त्यांनी मान हलवली. भजन मंजूर.

महारुद्र ढोलकी जवळ ओढतोय, तेवढ्यात शिवकांता उठली. सरळ पुरुषांच्या बाजूला आली, मास्तरपुढं उभी राहिली आणि हात पुढं केला.

"वहाणा द्या, मास्तर."

मास्तरनं काख आणखी आवळली.

"काखंत धरून गानार का? लिंबाखाली ठिवते." मग आवाज खाली आणून, दुसऱ्या कुणाला जाऊ नये असा, "सावलीत. त्या दिवशी तुमच्या दाराशी लई तापल्या हुत्या. म्या हात लावून बघितल्या."

"द्या की मास्तर," महारुद्र हसत म्हणाला. "आता तर बाईच राखायला हाय."

मास्तरनं सोग्यातनं वहाणा काढून दिल्या. तिनं त्या नेल्या. ढिगात टाकल्या नाहीत. बाजूला, बुंध्याशी, जोडीनं ठेवल्या, तोंडं मांडवाकडं करून. परत येऊन आपल्या जागी बसली, पदर सारखा केला.

ढोलकीचा ठेका सुरू झाला. पहिली ओळ ज्याचं भजन त्यानं घ्यायची असते. ठेका एक आवर्तन फिरला, दुसरं फिरला. महारुद्र डोळ्यानं खुणावत होता. मास्तरच्या गळ्यातनं आवाज निघेना. लोकांना वाटलं, भरून आलंय.

मग बायकांच्या बाजूनं ओळ उठली. उभा दाराशी पाहुणा. शिवकांतानं घेतली होती. तिनं डोळे मिटले नव्हते, मास्तरकडंही बघत नव्हती, नुसती सरळ म्हणत होती, जात्यावर म्हणावं तशी, आणि सगळा मांडव तिच्यामागनं म्हणायला लागला. मास्तर टाळी धरायला गेला. एक हात वर आला. दुसरा येईना. वहाणा केव्हाच गेल्या होत्या, आणि काख अजून आवळलेलीच होती.