सिनेटरची किटली

"नको, सिनेटरसाहेब. मग झोप लागत नाही," असं म्हणत लोहाराने कपावर पंजा ठेवला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनेही मुकाट्याने आपला कप झाकला.

थोर्वाल्ड लुंडे किटली घेऊन पुढच्या टेबलाकडे सरकला. चर्चच्या तळघरातलं हे दर ऑक्टोबरातलं मासळीचं जेवण. त्यात कॉफी वाढायचा मान एकवीस वर्षं त्याचा. राज्याच्या सिनेटवर तो तीनदा निवडून गेला तो निम्मा या किटलीच्या जोरावर, अशी गावात चेष्टा चालायची. कुणाची गाय व्याली, कुणाचा गुडघा दुखतो, सगळं त्याला तोंडपाठ. गावाला रेल्वेचा थांबा त्याने मिळवून दिला, शाळेला विटांची इमारत दिली आणि बँकही काढली. ती बँक गेल्या महिन्यात बुडाली होती.

"जाऊ नकोस," बायकोने, मार्टिनाने, निघताना विनवलं होतं. "कशाला लोकांच्या जखमेवर मीठ चोळतोस?"

"घरात तोंड लपवून बसलो तर चोरच ठरेन."

कुणी चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण ही नॉर्वेहून येऊन अमेरिकेत वसलेली माणसं. ती भांडत नाहीत, नुसता कप झाकतात. चार टेबलं झाली तरी किटली होती तेवढीच जड होती.

दाराशेजारच्या कोपऱ्यात सत्तरीची विधवा बर्टा ओपदाल बसली होती. तिच्याच चुलीपाशी तो लहानाचा मोठा झालेला. तिने कप पुढे केला. थोर्वाल्डने काठोकाठ कॉफी ओतली.

"शेत विकल्याचे पैसे होते रे ते," बर्टा म्हणाली. "आता हॉटेलात चादरी धुते. असू दे. मला एकच सांग. पैसे काढायला बँकेपुढे रांग लागली, तेव्हा तू बाहेर आलास, एकेकाचा हात हातात घेतलास. मला म्हणालास, मावशी, माझ्या शब्दावर घरी जा. मी गेले. माझ्याकडे बघून बाकीचेही गेले. तेव्हा तुला ठाऊक होतं?"

वीस वर्षं भाषणं ठोकलेल्या माणसाला एक 'नाही' सहज जमलं असतं. म्हातारीला तेच ऐकायचं होतं, तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं.

"हो, मावशी. शहरातल्या बँकेने मदत नाकारल्याची तार खिशातच होती. वाटलं, दोन दिवस मिळाले तर कुठूनतरी जमवीन."

"मी रोज तुझ्या वतीने देवाशी भांडत होते," बर्टा म्हणाली. "म्हणायचे, पोराला माहीत नसणार."

ओठ न लावताच तिने कप बाजूला सारला. दाराजवळच्या खुंटीवरचा कोट काढून ती तो चढवू लागली. ओल्या चादरी पिळून तिचा उजवा खांदा धरला होता. बाही एकदा हुकली, पुन्हा हुकली. या तळघरातून निघणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना कोट चढवायला सिनेटर आजवर धावत जायचा. आता तो तीन पावलांवर किटली धरून उभा होता, आणि त्याला एक पाऊलही टाकवेना. तिसऱ्या खेपेला तिचा हात बाहीत गेला. बटणं न लावताच ती जिना चढून गेली.