आवाजी मतदान

वकीलसाहेब कोर्टात उभे राहिले की काय विचारता! समोरच्याची बोबडी वळायची. नगरपालिका रस्ता रुंदीकरणासाठी बाजारगल्लीतली दुकानं पाडायला निघाली, तेव्हा त्यांनी कोर्टातून अशी स्थगिती आणली, की वर्षानुवर्षं कुणाची वीट हलली नाही. त्याच पुण्याईवर गल्लीने त्यांना आमदार केलं. गल्लीच्या तोंडाशीच त्यांच्या विधवा वहिनीचं इस्त्रीचं दुकान. त्यावरच तिचं पोट. आईमागे यांना वाढवलं तेही तिनेच.

सभागृहात सुरुवातीला ते तावातावाने बोलले. पक्षातले थोरले म्हणाले, "वकील, जरा दमाने." त्यांनी दमाने घेतलं. इतकं, की पुढे बोलायचंच राहिलं. शेजारी बाक वाजवायचे, हेही वाजवायचे. घरी जेवायचे, झोपायचे. बायकोने विचारलं, "आज काय झालं?" तर खरंच आठवायचं नाही.

एका दुपारी रस्ता रुंदीकरणाचं विधेयक आलं. जुन्या सगळ्या स्थगित्या रद्द! त्यांनी ते वाचलं होतं, बरं का. वाचलं नसतं तर निदान डुलकी लागली होती असं तरी म्हणता आलं असतं. अध्यक्ष म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं. सगळे म्हणाले. यांच्याही तोंडून निघालं. स्वतःचा आवाज त्यांनी नीट ऐकला, आणि त्यांना काही म्हणजे काही वाटलं नाही.

शनिवारी ते दुकानात गेले. नोटीस आधीच येऊन पडली होती. वहिनी कुणाचीतरी विजार इस्त्री करत होती.

"वहिनी, ते विधेयक..."

"बातम्यांत बघितलं."

"मी एकटा 'नाही' म्हणालो असतो, तरी ते झालंच असतं."

"झालंच असतं."

तिने भांडावं म्हणून ते थांबले. 'मेल्या, जीभ झडली होती का तुझी?' एवढं जरी ती म्हणाली असती, तरी त्यांना बरं वाटलं असतं. निदान रडू आलं असतं. ती विजारीची दुसरी बाजू करत राहिली. घडी घालून झाली, तरी ते तिथेच उभे.

मग वहिनीने इस्त्री बाजूला उभी केली आणि दुकानातलं एकुलतं एक स्टूल फडक्याने पुसून पुढे सरकवलं. ते आमदार झाल्यावरही भर सभेत त्यांना 'अरे' म्हणणारी ही बाई म्हणाली, "बसा ना, साहेब. उभे का?"

साहेब बसले.