जुना डिंक

कोरणीच्या टोकावर आलेला कण पिवळा होता, आणि लाकूड पिवळं नव्हतं. तिने तो नखावर घेऊन दाबला – कटकन तुटला – आणि भिंग जवळ ओढलं. दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासून घासून तिची नजर अशी झाली होती की केसाएवढी फटही तिच्यातून सुटत नसे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर गिटार आडवी पडली होती, मानेतली भेग पाचर घालून उघडी केलेली, आणि त्या भेगेत निम्म्या खोलीपर्यंत वाळलेला डिंक होता.

पण ही गिटार तर कुणी कधी जोडलीच नव्हती... त्या दुपारी ती पलंगावरून पडली, मान तडकली, संध्याकाळी ताईने ती खोळीत घालून कपाटावर टाकली, आणि सव्वीस वर्षं ती तिथेच होती. गेल्या आठवड्यात ताईने आपल्या लेकीसाठी म्हणून खाली काढली आणि 'तूच मोडलीस, आता तूच जोड' म्हणत इथे आणून ठेवली. मग हा डिंक गिटार पडण्याच्या आधीचा. म्हणजे मान आधीच तडकलेली होती, कुणीतरी ती गुपचूप चिकटवली होती, वरून भेग रंगवली होती – हो, ही काय रेघ, तपकिरी, भुवयांच्या पेन्सिलीची. आमच्या घरात तेव्हा भुवया रेखणारी एकच होती.

त्या दुपारी मी अकरा वर्षांची होते. घड्या घालायच्या होत्या म्हणून चादर ओढली, एवढंच. गिटार पलंगाच्या कडेला, नेमकी चादरीच्या टोकावर... कोण ठेवतं अशी? आणि ताई दारातच उभी. ती ओरडली नव्हती, हे आज पहिल्यांदा आठवतंय. तिने आधी गिटारकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांनी तिला वाद्यवृंदाच्या निवडीला जायचं होतं. ती गेली नाही, आणि मग कधीच कुठे गेली नाही. जायची भीतीच वाटत होती का तिला? वाटत असेल. त्याचं मला काय?

'हिने मोडली.' ताई हे सगळीकडे सांगायची, पाहुण्यांसमोर, स्वतःच्या लग्नात भावजींसमोर, हसत हसत, डोक्यावर टपली मारत. आईचं आजारपण एकट्या धाकटीने काढलं, चार वर्षं, आणि ताईला कधी 'ये' म्हणाली नाही – कुठल्या तोंडाने म्हणणार? ज्याचं तोंड दुधाने पोळलं त्याने ताक फुंकून प्यावं. तिचं तर पोळलंच नव्हतं, आणि ती पाणीसुद्धा फुंकून पीत आली होती. कप दोन्ही हातांनी धरायचा, दार हळू लावायचं. लॅबमधले साहेब कौतुकाने म्हणायचे, बाईंच्या हातून काही सांडत नाही.

फोन वाजला. ताईच.

"झालं का गं?"

"भेग साफ करतेय."

"नीट कर हं. घाई नको. मागे घाईनेच झालं सगळं."

"ताई... ही आधी कधी चिकटवली होतीस का तू?"

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"मी कशाला चिकटवू? मोडली तेव्हा तू होतीस ना तिथे?" आणि लगेच, चढ्या आवाजात, "उद्या येतो आम्ही. पोरगी सारखी विचारतेय, मावशीने केली का, मावशीने केली का."

करून सवरून नामानिराळी! तिने फोन उलटा ठेवला. या क्षणी ताई समोर असती तर तिने तिला मानगुटीला धरून भिंगाखाली दाबलं असतं, बघ म्हणाली असती, बघ.

पण उद्या ताईला काय दाखवणार होती ती? जुन्या डिंकावर नवा धरत नाही. भेग धरायची तर आतला कण न् कण खरवडायला हवा, कोरं लाकूड लागेपर्यंत, आणि मग ताईसमोर ठेवायला काही उरणार नाही. पिवळा भुगा काय, तो कशाचाही असतो. ती खरवडत राहिली. एक कड साफ झाली, दुसरी झाली. अगदी तळाशी तांदळाच्या कणीएवढा डिंक तेवढा राहिला.

राहू दे. क्लॅम्प आवळला की भेग मिटेल, बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नाही. तारा चढतील, महिना-दोन महिने सूर लागेल... आणि मग एका दुपारी मान जाईल. ताईच्या घरात, ताईच्या डोळ्यांसमोर. जाऊ दे.

ताईच्या नाही पण. पोरीच्या हातात जाईल. तीही अकराचीच. कोरणी हातात असतानाच तिला पुढचं सगळं दिसलं – मोडलेली मान, पोरीचे आखडलेले खांदे, आणि 'हिने मोडली' – आणि ऐकताना तिच्या लक्षात आलं की हे म्हणणारा आवाज ताईचा नव्हता. तिचा स्वतःचा होता, हसरा, टपली मारणारा.

तिने कोरणी त्या कणीवर टेकवली. दाबली नाही, उचललीही नाही. हात अजिबात थरथरत नव्हता, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिला त्या स्थिर हाताची भीती वाटली.