चेनेट म्हणतात इथं

रोनेलची मम्मी सतत परदेशी असते, हे त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनमधल्या तिच्या शाळेत सगळ्या पोरींना ठाऊक होतं. ही बातमी रोनेलनंच पसरवलेली. आणि गंमत म्हणजे त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं! ग्रेनाडा हा दुसरा देशच ना? मम्मी दर थोड्या दिवसांनी तिकडं जायची आणि परत यायची ना? मग झालं तर. आता ऐकणारीच्या डोळ्यांपुढं चाकांची बॅग, उंच टाचा आणि विमानाची शिडी उभी राहिली, तर त्याला रोनेल काय करणार? मम्मी बोटीनं जाते, केळ्यांचे घड आणि जायफळाची पोती यांच्यामधे पाय दुमडून बसते, आणि समुद्र खवळला की बादलीत ओकते, हे कुणी विचारलंच नव्हतं. न विचारता कोण सांगत बसतं?

रोनेल ग्रेनाडातल्या ग्वाव्ह गावातून त्रिनिदादला आली तेव्हा लहान होती. पहिल्याच आठवड्यात वर्गानं तिचं बारसं केलं : ‘बारकं बेट’. “ए बारकं बेट, तुमच्याकडं एका टोकाला कुणी शिंकलं की दुसऱ्या टोकाला सर्दी होते का गं?” ती तोंड उघडायची आणि अख्खा वर्ग खिदळायचा, कारण ग्रेनाडाचं बोलणं कसं, तर झोका घेत येतं. शब्द संपला तरी त्याचं शेपूट हलत राहतं. मग रोनेलनं आरशासमोर उभं राहून ती शेपटं एकेक करून छाटली. त्रिनिदादच्या पोरींसारखं फटाफट, नाक फुगवून, खांदे उडवत बोलायला शिकली. शिकता शिकता तिला सगळ्यांचेच आवाज यायला लागले. गणिताच्या मॅडम, रेडिओवरचा बातम्या देणारा, चर्चमधे वरच्या पट्टीत घसरणारी बाई! पाचवीच्या वर्गात, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत, ती नकला करणारी रोनेल झाली होती. बारकं बेट कुणाला आठवतही नव्हतं. मधल्या सुट्टीत तिच्याभोवती घोळका जमायचा आणि तिला वाटायचं, आपण आता काय वाट्टेल ते करू शकतो.

आणि नेमकं तेव्हाच मम्मीनं परत जायचं काढलं.

शहरातल्या बेलमाँट वस्तीत टांटी यूलाच्या घरी रोनेल राहायची, आणि फेरीला आली की मम्मीही तिथंच. टांटी म्हणजे मम्मीची म्हातारी मावशी. कानानं अधू, स्वभावानं बरी. मम्मी ओट्यापाशी फणसासारखं ब्रेडफ्रूट चिरत होती आणि गुडघ्याला चोळलेल्या तेलाचा वास सगळ्या घरात होता.

“परीक्षा झाली तुझी,” मम्मी म्हणाली. “आता पुढची दोन वर्षं घरी, ग्रेनाडाला कर. सेंट जॉर्जेसला कॉलेज काय कमी आहे?”

“मम्मी! माझं सगळं इथं आहे.”

“काय सगळं?”

“सगळं म्हणजे सगळं. मैत्रिणी.”

“त्याच ना, ज्या मी आजवर बघितल्या नाहीत?” मम्मीनं सुरी खाली ठेवली. “हे बघ. दोन बेटांच्या मधे लोंबकळून मी थकले. माझी पोरगी इथं आहे तोवर मी येत राहीन, माझ्या गुडघ्यांना विचारणार नाही. पण उद्या त्या बोटीचं काही झालं, तर तुझ्या दारात कोण येईल? टांटीला तर दार वाजलेलं ऐकूही येत नाही.”

“ऐकू येतं मला,” टांटी आतून म्हणाली.

“त्या पोरींना एकदा जेवायला आण. नारळाच्या दुधात ब्रेडफ्रूट शिजवून मी ऑइल डाउन करते. त्यांनी तुला आपली म्हटलेलं मला माझ्या कानांनी ऐकू दे. मग राहा खुशाल. नाहीतर ह्या फेरीला माझ्याबरोबर चल, कायमची.”

रोनेल हो म्हणाली. लगेच हो म्हणाली! आणि मग सबबींचा कारखाना सुरू झाला. मैत्रिणीच्या, अनीलाच्या घरी लग्न आहे. मिकालाला ब्रेडफ्रूटनं अंगावर पुरळ उठतं. (जगात कुणाला उठत नसेल.) अनीलाच्या घरचं लग्न लांबलं. मम्मी प्रत्येक वेळी “बरं” म्हणायची आणि नारळ परत टोपलीत ठेवायची.

शुक्रवारी तिघी मैत्रिणी बुटांच्या दुकानात हिंडून थकल्या. एकीलाही बूट मिळाले नाहीत, पण हसून हसून पोटं दुखत होती. रस्त्यावरून एक बाई चेनेटचा घोस हलवत गेली आणि अनीला रामखेलावन जागच्या जागी थबकली. हिरवं, लिंबाहूनही लहान फळ. दातांनी साल तडकवायची आणि आतला आंबटगोड गर बीवरून चोखत बसायचं.

“मला आत्ताच्या आत्ता चेनेट पाहिजेत,” अनीला म्हणाली. “बंदराच्या बाजारात चला. बारक्या बेटांवरच्या बायका बसतात ना, त्यांचे साखरेसारखे असतात.”

“शी, तिथं मासळीचा वास असतो,” रोनेल म्हणाली. “चौकातूनच घे की.”

“राणीसरकारांना वास येतो!” मिकालानं तिचा दंड धरला. “चल गं, नाटकं करू नकोस.”

मम्मीची माल मांडून बसायची जागा अगदी आत, भिंतीकडेला होती. रोनेलनं मनात आखून ठेवलं, पुढच्याच बाईकडून घ्यायचे आणि पळायचं. पण त्या दिवशी भिंतीकडेला पाणी साचलं होतं, म्हणून ग्रेनाडाच्या बायका पुढं सरकून बसल्या होत्या. आणि अनीला, जिला आयुष्यात कधी काही पटकन निवडता येत नाही ती अनीला, सरळ मम्मीच्याच टोपलीपुढं जाऊन उभी राहिली.

मम्मीनं वर बघितलं. आधी अनीलाकडं, मग मिकालाकडं, मग मागं उभ्या रोनेलकडं. आणि तिचा चेहरा असा काही उजळला, असा काही! तिला वाटलं, पोरीनं मैत्रिणींना भेटवायला आणलंय. तिनं झटकन हात एप्रनला पुसले, डोक्यावरचा रुमाल सारखा केला, आणि ओळख करून द्यायची वाट बघत थांबली.

“गुड आफ्टरनून,” अनीला म्हणाली.

“गुड आफ्टरनून, डूडू,” मम्मी म्हणाली. बाजारात सगळ्याच गिऱ्हाइकांना ती लाडानं डूडू म्हणायची. पण नजर रोनेलवरच.

आता बोलायला हवं होतं. ‘ही माझी मम्मी.’ एवढंच तर! त्यात काय अवघड आहे? काहीतरी बोलायचं म्हणून रोनेल बोलली, आणि ज्या टोपल्यांमधे ती लहानाची मोठी झाली त्या टोपल्या समोर असल्यामुळं असेल, तिच्या तोंडून घरचाच शब्द गेला.

“स्किनप कसे दिले?”

मिकाला वळली. “काय? स्कि-काय?”

ग्रेनाडात चेनेटला स्किनप म्हणतात. दुसरं कुणी म्हणत नाही. रोनेलच्या कानात समुद्र घोंगावायला लागला. इतकी वर्षं छाटलेलं शेपूट एका शब्दात परत उगवलं होतं, आणि मिकालाच्या कपाळावर आठी पडायला लागली होती.

मम्मीनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. तिला कळलं. सगळंच कळलं, अगदी त्या परदेशी असलेल्या मम्मीसकट कळलं असावं. तिनं नजर टोपलीकडं वळवली.

“चेनेट, मिस,” ती म्हणाली. “चेनेट म्हणतात इथं.”

मग मिकाला फिस्सकन हसली. “अगं देवा! बाईंच्या तोंडावर बाईंची नक्कल! आणि बाई तुलाच शिकवतायत!”

“हुबेहूब गं,” अनीला तोंडावर हात दाबत म्हणाली.

मम्मीनं रोनेलला वाचवलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. पैसे द्यायचे, घोस घ्यायचा, चालू लागायचं. पण घोळका हसायला लागला की रोनेलला थांबता येत नसे, आणि सुटकेचा तो आनंद तिच्या डोक्यात चढला. तिनं कमरेवर हात ठेवले, मान एका बाजूला टाकली आणि झोका घेत सुरू झाली, “घेऽ ना गं डूडूऽ, ग्वाव्हचे स्किनप हायेत नाऽ, माझ्या दारातल्या झाडाचेऽ, साखर लाजेल बघ साखरऽ!” रुमाल सारखा करणं, एप्रनला हात पुसणं, सगळं आलं त्यात. उठताना गुडघा धरणंसुद्धा.

मिकाला हसता हसता खालीच बसली.

शेजारच्या टोपलीमागची एल्फ्रिडा उठायला लागली. तिनं रोनेलला परकरात असल्यापासून बघितलं होतं. “व्हर्लिन, ही तर तुझी...”

“बस,” मम्मीनं तिच्या मांडीवर हात ठेवला. “गिऱ्हाईक आहे.”

अनीलाला जरा वाईट वाटलं. “रागावू नका हं बाई. ती सगळ्यांच्याच नकला करते.”

“रागवायचं काय त्यात? छान करते. तुमच्याच वर्गातली का?”

“हो तर! आमचीच आहे ही,” अनीलानं रोनेलच्या गळ्यात हात टाकला.

“असं का,” मम्मी म्हणाली. तिनं घोस बांधला, वर एक जास्तीची फांदी ठेवली आणि तो अनीलाकडं न देता रोनेलपुढं धरला. “घ्या, मिस.”

घरी जाताना रोनेलनं वाटेत माफीची चार भाषणं तयार केली. एकात ती रडत होती, एकात पाया पडत होती. दार उघडलं तर मम्मी मासे साफ करत बसली होती, रोजच्यासारखी, आणि चारही भाषणं डोक्यातून पळाली.

“बघितल्या तुझ्या मैत्रिणी,” मम्मीच म्हणाली. “त्या वेणीवाल्या पोरीला वळण चांगलं आहे. माफी मागितली तिनं.”

“मम्मी, ते चुकून...”

“स्किनप चुकून. पुढचं काय चुकून?”

मम्मीनं पुढचा मासा घेतला.

“मी म्हटलं होतं ना, माझ्या कानांनी ऐकू दे? ऐकलं. आमचीच आहे म्हणाल्या. तू राहा इथं. टांटीशी बोलले मी.”

आणि खरं सांगायचं तर, एका क्षणापुरता, माशाचा एक खवला उडून भिंतीला चिकटावा एवढ्या वेळापुरता, रोनेलला आनंद झाला. राहायला मिळालं! लगेच तिला स्वतःची किळस आली, पण झाला होता तो होताच.

“तू पुढच्या फेरीला कधी येशील?” तिनं विचारलं.

“एल्फ्रिडा आणेल माझा माल. मी आता घरीच.”

“पण तू म्हणाली होतीस, मी इथं असले तर येत राहशील!”

“माझी पोरगी इथं असेल तर, म्हणाले होते.” मम्मीनं मासे धुतलेलं पाणी मोरीत ओतलं. “जेवून घे. टांटीलाही वाढ.”

दुसऱ्या दिवशी मम्मी तिला न उठवताच गेली. रोनेल उठली आणि जी पळत सुटली ती बंदरापर्यंत थांबली नाही. एका पायात टांटीची चप्पल, एका पायात स्वतःची. बोटीनं दोर सोडले होते. काठ आणि बोट यांच्यामधे हिरवं पाणी वाढत चाललं होतं. रिकाम्या टोपल्यांच्या ढिगाजवळ ग्रेनाडाच्या बायका दाटीनं बसल्या होत्या आणि त्यांच्यात मम्मीचा निळा रुमाल दिसत होता.

आता कुणीही ऐको! सगळं बंदर ऐको! रोनेलनं छाती भरून श्वास घेतला आणि घरच्या बोलीत, ग्वाव्हच्या बोलीत, जोरात हाक मारली, “मम्मीऽ! माझं चुकलं गंऽ मम्मीऽ! मी येतेय नाऽ तुझ्याबरोबरऽ!”

बोटीवरच्या बायकांनी माना वळवल्या. एक खलाशी हसायला लागला. मग टोपल्यांवर बसलेल्या दोन बायका हसल्या. आणि रोनेललाही ते ऐकू आलं. प्रत्येक शब्दाचं शेपूट जरा जास्तच लांब होतं, झोका जरा जास्तच उंच. आरशासमोर जे छाटलं होतं ते परत येताना असं आलं होतं, मधल्या सुट्टीतलं, घोळक्यासमोरचं.

“ए त्रिनी पोरी!” खलाशी ओरडला. “सकाळी सकाळी आमची नक्कल करायला आलीस होय? जा, घरी जा!”

बोटीवर हशा पिकला. एल्फ्रिडानं मम्मीला कोपरानं ढोसलं. मम्मी काठाकडं बघत होती, सरळ रोनेलकडं बघत होती. ती हसली नाही. पण ही माझी पोरगी आहे, असंही ती कुणाला म्हणाली नाही.