नऊ फुटांवरून

माझ्या पर्समध्ये एखाद्या वेळी कंगवा नसेल, पण टेप असतेच. शिवणकाम करणाऱ्या बाईचा टेपेवर जेवढा विश्वास असतो तेवढा नवऱ्यावरही नसतो, असं मी चारचौघींत म्हणायचे. त्या रविवारपर्यंत गमतीनंच म्हणायचे.

जुना टीव्ही बारा वर्षं चालून गेला. आधी उभ्या रेघा आल्या, मग अर्धा पडदा काळा झाला. नवा घ्यायचं ठरलं तेव्हा मी सोफ्यापासून भिंतीपर्यंत टेप लावली. बरोबर नऊ फूट. आमच्या बजेटमध्ये चांगल्या कंपनीचा त्रेचाळीस इंची बसत होता आणि नऊ फुटांना तो पुरेसा होता. माझ्या लेखी विषय संपला होता.

आमचे हे मात्र दुकानात शिरल्यापासून पंचावन्न इंचीच्या समोरून हलेनात. हे शाळेची बस चालवतात. अठरा वर्षं झाली, बसमध्ये बत्तीस मुलं असतात, आणि आजवर कुणाला साधं खरचटलेलं नाही. आमची दहा वर्षांची ठकीही त्याच बसनं जाते. माणूस इतका शांत की भाजीवाल्यानं सडका टोमॅटो टाकला तरी गुपचूप घरी आणेल. आणि आज हट्टाला पेटला होता.

दुकानातल्या ताईनं समजावून पाहिलं. "दादा, पंचावन्नमध्ये तुमच्या बजेटला हा एकच बसतो. पण चित्र बघा कसं फिकट आहे. दोन वर्षांनी शिव्या मला द्याल."

"नाही देणार. मोठाच हवाय."

"का पण?" मी म्हणाले. "तुमच्या भावानं घेतला म्हणून?"

मला नको होतं ते माझ्या तोंडून निघून गेलं होतं, आणि मागे घ्यायची माझी तयारी नव्हती. एकदा चिडले की मी दोरा तोडल्याशिवाय थांबत नाही. मी टेप काढली. ताईनं त्रेचाळीसवर फुटबॉलचा सामना लावला होता. ठकीला टेपेचं टोक टीव्हीखालच्या कट्ट्याशी धरायला लावलं आणि सरळ मागे गेले. माझी टेप पाच फुटांची, म्हणून दोनदा लावली. नऊ फुटांवर फरशीच्या सांध्यावर ह्यांना दंडाला धरून उभं केलं.

"आता सांगा. इथून स्कोअर वाचता येतो की नाही?"

ह्यांनी मान किंचित तिरकी केली. थोडा वेळ घेतला.

"दोन-एक," हे म्हणाले. "वाचता येतो की. पण मोठ्यावर अजून बरा दिसेल."

पडद्याच्या कोपऱ्यात शून्य-शून्य होतं. पांढऱ्या पट्टीवर काळे आकडे, माझ्या अंगठ्याएवढे.

मी पुन्हा पाहिलं. शून्य-शून्यच. मग मागे वळले. दुकानात वीसेक टीव्ही चालू होते, पण आवाज एकालाच होता, आमच्या पाठीमागच्या भिंतीवरच्याला. त्यावर दुसराच सामना चालू होता आणि त्याचा निवेदक घसा फोडून सांगत होता की दोन-एक झाले. ह्यांनी पडदा वाचलाच नव्हता. ह्यांनी ऐकलं होतं.

"बाबा, शून्य-शून्य आहे," ठकी हसत म्हणाली. "थांबा, मी सांगत जाते ना. बसमध्ये सांगते तसं."

तिला मी अगदी साध्या आवाजात विचारलं, "बसमध्ये काय सांगतेस गं?"

"आमचा खेळ आहे. मी बाबांच्या बाजूला बसते आणि सगळं सांगते. सिग्नलचे आकडे, गतिरोधक, डावीकडून सायकलवाला. मी एकदाही चुकले नाहीये."

"ठकी, जा, तिकडे हेडफोन बघ जा," हे म्हणाले.

ती गेली. ताई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली, बहुधा आमच्याकडे बघूनच. मी टेप गुंडाळायला घेतली आणि ती काही केल्या नीट गुंडाळली जाईना.

"कधीपासून?"

"इतकं काही नाहीये. धुरकट दिसतं, एवढंच."

"मी कधीपासून विचारलं."

"दीड वर्ष झालं असेल."

"मग गेल्या वर्षीची तपासणी? तुमच्या मालकांकडे कागद आहे, डोळे उत्तम म्हणून."

हे त्रेचाळीस इंचीकडे बघत राहिले. "रांगेत माझ्या पुढचा माणूस तक्ता मोठ्यानं वाचत होता. मी पाठ केला."

मला ओरडायचं होतं. वर्षभर मी कौतुकानं सांगत होते की बापलेकीचं किती गूळपीठ आहे, पोरगी मैत्रिणी सोडून बापाशेजारी बसते. सकाळी तिच्या वेण्या घालून मीच तिला त्या सीटवर पाठवत होते.

"आणि हा मोठा टीव्ही?"

"घरात तरी तुमच्याबरोबर सोफ्यावर बसता आलं असतं," हे म्हणाले. "जवळ जाऊन उभं राहिलो की तू विचारतेस. मोठा असता तर तुला कळलं नसतं."

"डॉक्टरला का नाही दाखवलं?"

"ते म्हणाले असते, गाडी बंद. मग मी काय करू? मला दुसरं काय येतं?" ह्यांचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे झुकावं लागलं. "मी हळू चालवतो गं. कुणाला काही झालं नाहीये."

"अजून," मी म्हणाले.

खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्या मनात आलं होतं की पंचावन्न इंची घेऊन टाकावा. घरी जावं आणि मूग गिळून बसावं. माझ्या शिवणावर घर चालत नाही, हे मला ह्यांच्याहून जास्त ठाऊक आहे. पंचावन्न इंची घेतला की उद्याही सकाळी सातला बस निघेल, परवाही निघेल. मी ठकीकडे पाहिलं. हेडफोन तिच्या कानांना केवढे तरी मोठे होत होते आणि ती काचेत बघून हसत होती. बसमधली बत्तीस मुलं तिच्या भरवशावर होती, आणि तिला तो खेळ वाटत होता.

"मालकांना फोन करा," मी म्हणाले.

"उद्या भेटून सांगतो."

"उद्या सातला बस आहे. आत्ता करा. नाहीतर मी करते."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं इतक्या वर्षांच्या संसारात कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता हा माणूस मला आयुष्यभर माफ करणार नाही. त्यांनी खिशातून फोन काढला. हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला, मग पुन्हा लांब. अंगठा नुसता पडद्यावरून वरखाली फिरत राहिला. मी नंबर शोधला, लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"मी बोलतोय," हे म्हणाले. "उद्यासाठी दुसरा माणूस बघा. नाही, ताप नाही. डोळे. हो, मलाच दिसत नाही." मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिले. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

ताई परत आली. "मग दादा, कोणता पॅक करू?"

"आज नको," मी म्हणाले. "आधी डॉक्टर."

तिनं ह्यांच्यासाठी स्टूल तेवढं ओढून दिलं.

येताना आम्ही तिघं स्कूटरवर आलो होतो. मी हात पुढे केला आणि ह्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. मला स्कूटर येत नाही. ती दुकानापाशीच ठेवून आम्ही चालत निघालो, ठकी मध्ये, तिचा एक हात माझ्या हातात आणि एक ह्यांच्या. चौकात आलो तसं तिनं सवयीनं सुरू केलं, "बाबा, लाल. बारा, अकरा, दहा..."

"उद्यापासून बसमध्ये सांगायचं नाही," मी तिला म्हणाले. "दुसरे काका चालवणार आहेत. तू मागे मैत्रिणींबरोबर बस."

ती मोजायची थांबली. "मी काही चुकले का?"

हे तिथंच फुटपाथवर खाली बसले आणि तिला जवळ ओढलं. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, तरी आम्ही कुणी हललो नाही.